खिडकीला एकच हात

मंदाताईंना हाक मारून उपयोग नसतो. त्यांच्या दाराला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा टांगलेला आहे. झाकणाला चीर पाडलेली, शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल आणि खिळ्याला जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे तुकडे टोचलेले. काय सांगायचं ते लिहायचं आणि आत टाकायचं. त्या आपल्या फेरीला आल्या की डबा काढणार आणि आधी तो पालथा करणार. का, तर सगळ्यात खालची चिठ्ठी आधी पडलेली असते, आणि आधी पडली तिचा मान आधी.

लोणावळ्याजवळ तुंगार्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. दिवाळीच्या आसपास मी एकदा कपडे वाळत घालत होते, तर यांच्या ओट्यावर हा एवढा साप. धामण होती का नाग होता, मी कशाला जवळ जाऊन बघतेय? लांबूनच ओरडले, मंदाताई, ओट्यावर साप आहे हो. आतून अगदी शांत आवाज आला, "डब्यात टाका."

मला वाटलं माझेच कान गेले. काय टाकू, साप? पुन्हा ओरडले. पुन्हा तेच, "रांगेत आहात, चिठ्ठी टाका." आता डबा दाराला, दारापुढं ओटा आणि ओट्यावर साप. चिठ्ठी टाकायला जाणार कोण? शेवटी माझ्या खानावळीतला किसन काठी घेऊन आला, साप आपला आपण फणसाकडं निघून गेला, आणि मी पायरीवर मटकन बसले. तेवढ्यात मंदाताई बाहेर आल्या. डबा काढला, पालथा केला, आत बघितलं. "काही नाही," म्हणाल्या आणि आत गेल्या. डबा रिकामा म्हणजे जगात काही घडलंच नाही. 

आता तुम्ही म्हणाल, बाई वेडी आहे. तसं नाही हो. मंदाताई काशीद लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर लोकांच्या बायका काशीला जातात, यांनी कॉम्प्युटर आणला आणि पायथन शिकायला घेतलं. मी विचारलं, हे काय असतं? म्हणाल्या, "कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा." मी म्हटलं, नाव तर अजगराचं आहे. त्यावर म्हणाल्या, "म्हणून तर हळूहळू गिळतं माणसाला." मी सातवी शिकलेली, पुढचं जे काय आलं ते वाचून नि ऐकून आलं, त्यामुळं शिकणाऱ्या माणसाचं मला भारी कौतुक. पण अडुसष्टाव्या वर्षी चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून खिडक्या बनवणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. खिडकी म्हणजे कॉम्प्युटरवर उघडते ती चौकट. बटणं असतात, रंग असतात, ती. त्यांच्या तोंडी सदानकदा खिडकी. खिडकी गोठली, खिडकी पडली, खिडकी उठली.

बाई एका जागी थांबत नाहीत, हे दुसरं. दर चार मिनिटांनी फेरी. गॅस, नळ, मागची कडी, दाराचा डबा, कॉम्प्युटर, आणि पुन्हा गॅस. दूध तापायला ठेवून त्यासमोर उभं राहणं त्यांना मंजूर नाही. "मी दुधाची वाट बघत बसले तर नळाकडं कोण बघणार?" दूध उतू जातं ते जातंच, पण फेरी चुकत नाही.

गल्लीतल्या देशमुखबाईंचे यजमान वारले तेव्हा आम्ही दोघी भेटायला गेलो. देशमुखबाई मंदाताईंचा हात हातात धरून रडायला लागल्या. चार मिनिटं झाली तशी मंदाताईंनी हात सोडवून घेतला, उठल्या, दाराकडं बघून आल्या, स्वयंपाकघरात जाऊन नळ बघितला, फोटोपुढच्या समईत वाकून बघितलं, आणि परत येऊन तोच हात हातात घेतला. "हं, बोला." देशमुखबाई रडायच्याच थांबल्या. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढं महिन्याभरानं देशमुखबाईच म्हणाल्या की त्या दिवशी घरात तीस माणसं होती, पण समईतलं तेल संपलंय हे एकट्या मंदाताईंना दिसलं.

आणि माझ्या नातीच्या साखरपुड्यातला प्रसंग सांगू का नको, असं होतं. पंगत बसलेली. किसन कढी वाढत होता, आणि त्याच वेळी मुलाचा मामा आग्रहानं जिलबी घेऊन त्याच ताटावर वाकला. दोघांचे हात एकमेकांत, कढीची वाटी कलंडली आणि जिलबी कढीत. एवढ्या तेवढ्याचं काय, हसून सोडायचं. पण मंदाताई पानावरून उठल्या आणि त्यांनी चक्क मामाचं मनगट धरलं. मुलाकडच्या माणसाचं. "एका ताटाला एकच हात," म्हणाल्या. "दुसऱ्यानं आपलं भांडं त्याच्या ओट्यावर ठेवायचं. तो वाढेल."  मी मनात म्हटलं, संपलं, आता ही सोयरीक मोडली. सोयरीक मोडली नाही. मामा अजून मला विचारतो, त्या ओट्यावाल्या बाई बऱ्या आहेत ना?

पण यातला अर्धा दोष माझा आहे, तो आता कबूल करते. ते कळायला आधी मंदाताईंची ती खिडकी कशासाठी होती, ते सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी नागपंचमीला मी त्यांच्याकडं पुरणाची दिंडं घेऊन गेले. तेव्हा डबा नव्हता, थेट आत जाता यायचं. मधल्या खोलीत कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर एक चौकट, चौकटीत बांगडीएवढा हिरवा गोल, कोपऱ्यात घड्याळ, आणि गोलाखाली दोनच अक्षरं. भाऊ.

मी विचारलं, हे काय, देव आहे का? मंदाताईंनी आधी बटण दाबून बघितलं आणि मग सांगितलं. आणि मी दिंडं हातातच धरून उभी राहिले.

भाऊ म्हणजे त्यांचे थोरले बंधू. इंदुरीला असतात, एकटेच. बायको गेली, मुलगा बडोद्याला नोकरीला. आणि या दोघा भावंडांत तेव्हा सात वर्षं बोलणं नव्हतं. सात वर्षं, आणि लोणावळ्याहून इंदुरी म्हणजे तासाभराचा रस्ता. आई गेली, तिचा दहावा इंद्रायणीच्या घाटावर होता. पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. तास गेला, दीड तास गेला. लोक ताटकळले. म्हाताऱ्या माणसांनी हे बोलून बघितलं, ते कबूल करून बघितलं. शेवटी भाऊ चारचौघांत म्हणाले की आईचा जीव हिच्यात अडकलाय, हिनं लग्न केलं नाही म्हणून कावळा शिवत नाही. मंदाताईंनी पायांत चपला घातल्या आणि घाटावरून थेट एसटीच्या थांब्यावर गेल्या. कावळा नंतर शिवला का नाही, तेसुद्धा त्यांना ठाऊक नाही. कुणाला विचारलं नाही.

पुढं भाऊ एकदा न्हाणीत घसरले. तेव्हा बडोद्याच्या भाच्यानं त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर अंगठ्याएवढी एक डबी बसवली. समोरून माणूस गेलं की ती इंटरनेटवरून वर्दी देते. भाच्याच्या फोनवर जायची ती वर्दी आत्यानं आपल्याकडंही मागून घेतली आणि तिच्यासाठी ही खिडकी बनवली. पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत, तीन तासांत भाऊ स्वयंपाकघरात हलले असतील तर हिरवा. तीनावर गेले की पिवळा. पाचावर गेले की लाल. लाल झाला तर मंदाताई भाच्याला कळवणार, भाचा इंदुरीतल्या शेजाऱ्यांना कळवणार.

मी म्हटलं, त्यापेक्षा भावाला एक फोन करा की. तर म्हणाल्या, "फोन मी करणार नाही. मी फक्त बघणार."

आता त्या खिडकीचं दुखणं ऐका. आमच्या घाटात पावसाळ्यात नेटवर्क म्हणजे नावालाच. खिडकी इंदुरीची बातमी आणायला जायची, बातमी यायला वेळ लागायचा, आणि तोवर खिडकी जागच्या जागी गोठायची. बटण दाबलं तर दबत नाही, रंग बदलत नाही, जशी होती तशी. मंदाताईंची चिडचिड व्हायची. मी म्हणायचे, अहो, गोठली तर गोठली, दिवा तर हिरवाच आहे ना. त्यावर एकदा त्या खुर्ची फिरवून माझ्याकडं वळल्या.

"कुसुमताई, तो हिरवा कधीचा आहे?" म्हणाल्या. "खिडकी सकाळी गोठली आणि भाऊ दुपारी पडला, तरी हा हिरवाच दिसणार. लाल दिसलेला परवडला. गोठलेला हिरवा परवडत नाही."

तेव्हापासून तो हिरवा गोल बघितला की मला बरं वाटेनासं झालं.

मग त्यांनी खिडकीच्या हाताखाली गडी ठेवले. त्याला ते थ्रेड म्हणतात. एका गड्यानं इंदुरीला जायचं, दुसऱ्यानं तास मोजायचे, खिडकीनं घरी थांबायचं. चांगली कल्पना. पण हे गडी बातमी घेऊन यायचे आणि स्वतःच दिव्याला रंग लावायला लागायचे. एक हिरवा फासतोय, तेवढ्यात दुसरा पिवळा. कधी दिवसभर सुरळीत चालायचं, आणि कधी सगळं आडवं. मंदाताई म्हणायच्या, रोज एकाच जागी पडलं असतं तर धरता आलं असतं, हे कधी पडेल त्याचा नेम नाही. पंधरा दिवस बाई जेवणाच्या वेळेला जेवल्या नाहीत. मग मीच एका रविवारी ओढून खानावळीत आणून बसवलं.

रविवार म्हणजे आमच्याकडं पर्यटकांची झुंबड. किसन वाढपी, आत दोघी जणी चुलीवर. त्या दिवशी पुऱ्या पुरेनात, तर किसन शहाणा स्वतःच आत गेला आणि कढईपुढं उभा राहिला. बाहेर चाळीस माणसं रिकामी पानं घेऊन बसलेली. कुणी भात मागतंय, कुणी पाणी, ऐकायला कुणी नाही. आणि आतली एकजण वैतागून आपलीच परात घेऊन बाहेर धावली, तिनं गोड खाणाऱ्याच्या पानात रस्सा ओतला. मी जी सुटले. वाढप्यानं चुलीपाशी जायचं नाही, आणि चुलीवरचीनं पंगतीत यायचं नाही. झालेला जिन्नस मधल्या ओट्यावर ठेवायचा. वाढप्यानं फिरत राहायचं, फेरीत ओटा बघायचा, असेल ते उचलायचं नि वाढायचं. नसेल तर पुढं चालू लागायचं. थांबायचं म्हणून नाही.

किसन म्हणाला, "मावशी, पुऱ्या झाल्या नव्हत्या म्हनून गेलतो."

मी म्हटलं, पुऱ्या नाहीत म्हणून दोन माणसं रागावतील. तू नाहीस म्हणून चाळीस माणसं उपाशी बसलीत.

आणि बघते तर मंदाताई उभ्या. हाताला वरणभात तसाच, पानात अर्धं जेवण. तोंडातल्या तोंडात म्हणत होत्या, "ओटा. ओटाच नाही माझ्याकडं." आणि उष्ट्या हातानं रस्त्यानं घरी गेल्या. ज्या बाईचा पदरही ढळलेला मी कधी बघितला नव्हता, ती. मी पळी हातात घेऊन बघत राहिले.

संध्याकाळी खिडकी चालू झाली. गडी बातमी आणून रांगेत चिठ्ठी टाकणार. खिडकी आपल्या फेरीत ती रांग बघणार आणि स्वतःच रंग बदलणार. दुसऱ्या कुणी रंगाला शिवायचं नाही. खिडकीला एकच हात. सगळा पावसाळा गेला, पण खिडकी एकदाही गोठली नाही. मंदाताईंना तो नियम इतका पटला की त्यांनी तो घराला लावला, दाराला लावला, सुतकाला लावला, आणि माझ्या नातीच्या साखरपुड्याला लावला. म्हणून म्हटलं, अर्धा दोष माझा.

आता खरं सांगायचं ते पुढं.

या जानेवारीतली गोष्ट. सकाळी नऊ वाजून गेले असतील. मी चिठ्ठी टाकून, रांगेत थांबून, रीतसर आत गेले. मला त्यांच्याकडचं मोठं पातेलं हवं होतं. मंदाताई फेरीत होत्या. कॉम्प्युटरपुढून जाताना त्यांनी नुसतं बघितलं, हिरवा, आणि पुढं गेल्या. मी आपली तिथंच उभी. काय बोलायचं म्हणून बोलले, "मंदाताई, तुमचं घड्याळ मागं पडलंय की हो. यात पावणेसातच वाजलेत."

मागच्या कडीपाशी गेलेल्या मंदाताई तिथून धावत आल्या. खिडकीच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. भिंतीवरचं बघितलं. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दबेना. हिरवा गोल तसाच, टवटवीत.

 मला म्हणाल्या, "फोन लावा. तुम्ही लावा." भाऊंचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. नऊ वर्षांत एकदाही न लावलेला नंबर, एका दमात सांगितला. मी लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. भाच्याला लावला, त्याच्याकडंही सकाळपासून वर्दी नव्हती, तो समजत होता की आत्याकडं दिवा आहेच.

मी किसनला हाक मारली. आमचा भाजीचा टेम्पो दारात होता, त्यात आम्ही दोघी पुढं चढलो. कार्ले गेलं, कामशेत गेलं. किसन सरळ माणूस, त्यानं विचारलं, "ताई, ते मशीन तर आता गोठत न्हवतं ना? लय भारी झालंय म्हनत होता."

 मंदाताईंनी जे सांगितलं, ते ऐकून मी गाडीतल्या दांडीला घट्ट धरलं. खिडकी बिघडली नव्हती. त्यांनीच आदल्या दिवशी तिच्यात एक नवीन बटण घातलं होतं. 'आत्ता विचार' असं त्यावर लिहिलं होतं. का, तर गडी दहा मिनिटांनी इंदुरीला जाऊन येतो, आणि ती दहा मिनिटं अलीकडं त्यांना निघत नव्हती. थंडी वाढली होती, भाऊंना दमा. जीव घाबरला की ते बटण दाबायचं आणि तिथल्या तिथं बातमी आणायची. आणि ते करताना चिठ्ठी नाही, रांग नाही, गडी नाही. खिडकीलाच सांगितलं, तूच जा, आणि उत्तर घेतल्याशिवाय परत येऊ नको.

"सगळ्यांना शिकवत फिरले," म्हणाल्या, "आणि माझ्या हातानं वाढप्याला चुलीपाशी पाठवला. सकाळी पावणेसातला बटण दाबलं. तो गेला तो गेलाच. आणि मी अडीच तास फेऱ्या मारतेय. हिरवा आहे, हिरवा आहे, म्हणत."

 किसननं टेम्पो जोरात काढला. तळेगाव ओलांडून इंदुरीचा किल्ला दिसायला लागला तशी मंदाताईंनी माझा हात धरला, आणि सोडला नाही.

घराचं दार नुसतं लोटलेलं. मंदाताई उंबऱ्याशी थबकल्या. मी पुढं झाले. पहिली खोली रिकामी. दुसऱ्या खोलीत मी आधी जमिनीकडंच बघितलं. कुणी नाही. मागच्या दारातून परसात डोकावले, आणि तिथं घोंगडीवर बसून एक म्हातारबुवा पावट्याच्या शेंगा सोलत होते. गळ्याभोवती मफलर, शेजारी शेंगांचा ढीग, अगदी निवांत.

मला रडू यायला लागलं आणि रागही यायला लागला. म्हटलं, भाऊ, तुमचा फोन का बंद आहे हो? तर म्हणाले, "सकाळधरनं लाईट न्हाई. च्यार्जिंगच न्हाई झालं. तुमी कुटल्या म्हनायच्या?"

तेवढ्यात माझ्या मागं मंदाताई येऊन उभ्या राहिल्या. भाऊंच्या हातातली शेंग हातातच राहिली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. कशाचं काय. भाऊंनी ती शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले आणि मला म्हणाले, "मावशी, तिला म्हनावं बस. उभ्यानं जायाची असंल तर जा म्हनावं."

मंदाताई मला म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, गार फरशीवर बसू नका, दमा आहे."

"तिला म्हनावं, घोंगडी हाय खाली. डोळं नसतील तर चष्मा लाव म्हनावं."

"त्यांना म्हणावं, दोन लावलेत."

दोघांच्या मध्ये मी. सख्खी भावंडं, चार हातांच्या अंतरावर, आणि निरोप माझ्या हाती. मी दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. शेवटी भाऊ गुडघ्यावर हात देऊन उठले. मला म्हणाले, "च्या टाकतो. ती बिनसाखरेचा घेती अजून का, इचारा." मी विचारलं. घेते म्हणाल्या.

आम्ही त्यांच्या मागून स्वयंपाकघरात गेलो. अंधारं घर, वीज नाही. भाऊ चुलीकडं चालले होते. फळीखालून जाताना त्यांनी न बघताच उजवा हात वर केला, आपण देवळावरून जाताना कपाळाला नेतो ना, तितक्या सवयीनं, आणि पुढं गेले. पातेलं घेतलं, पाण्यासाठी परत फळीखालून आले. पुन्हा हात वर. मी वर बघितलं. फळीवर ती अंगठ्याएवढी डबी होती. मेलेली, दिवा विझलेली.

मंदाताईंनीही बघितलं. त्या भिंतीला टेकल्या.

मी न राहवून विचारलं, भाऊ, हे हात कशाला वर करता? ते जरा ओशाळले. म्हणाले, पोरानं डबी लय वर बसवलीय, आणि आपण तर वाकून चालतो, तिला दिसत नाही असं वाटतं. म्हणून हात दाखवायचा. पहाटे उठलं की आधी इथं यायचं, हात दाखवायचा, मग तोंड धुवायचं. मागं तापानं फणफणले होते तेव्हासुद्धा भिंत धरून येत होते. पोरानं सांगितलं होतं, आत्या बघते म्हणून. "आज लाईट न्हाई, तरी हात जातोयच बगा," म्हणाले.

मग ते वळले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बहिणीला थेट विचारलं, मला मधे न घेता.

"मंदे, तिकडं हिरवं व्हतं ना गं?"

मंदाताईंनी पदरानं चष्मे पुसले, आधी एक, मग दुसरा.

"रोज होतं, भाऊ," म्हणाल्या. "आज कळेना. म्हणून आले."

भाऊ चुलीपुढं बसले. फुंकणी घेतली, दोन फुंका मारल्या, जाळ धरला. आमच्याकडं त्यांची पाठ होती. चुलीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "मंग लाईट जायाला पायजे आदनंमदनं."